बुटात राहिलेला सव्वा इंच

मिरजेच्या दवाखान्यात त्या संध्याकाळी नवी नर्स ड्यूटीवर आली होती. कोवळी मुलगी, हातात पॅड. औषधाचं प्रमाण ठरवायला तिला वजन आणि उंची हवी होती. वजन कागदावर होतं, उंचीची जागा रिकामी होती. "काका, उंची किती तुमची?" तिनं विचारलं. मधुकर डोळे मिटून पडले होते. ते तसेच म्हणाले, "कुठल्या पायावर उभा राहून सांगू?" मुलगी गोंधळली, माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, "उजव्या पायावर पाच फूट साडेसहा इंच, डाव्यावर पाच फूट सव्वाचार." तिनं जरा विचार करून साडेसहाचा आकडा लिहिला. मधुकरांनी एक डोळा उघडला. "मोठा आकडा घेतलास ते बरं केलंस हो, बाळ." ती हसली, मीही हसले… दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास ते गेले. वय एकोणपन्नास. आज त्याला सात आठवडे झाले.

या सात आठवड्यांत घरी खूप माणसं येऊन गेली. ते ज्या पाटबंधारे कचेरीत नकाशांच्या टेबलावर बसत तिथले, गल्लीतले, माझ्या शाळेतले. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात आलं, "मधुकररावांनी कधी कसली तक्रार केली नाही." मी गणिताची शिक्षिका आहे, अर्धं बरोबर असलेलं उत्तर मला पूर्ण गुण देऊन सोडवत नाही. आमचा संसार पंधरा वर्षांचा. पैकी पहिल्या सात वर्षांत त्यांनी तक्रार केली नाही हे खरं. पुढची आठ वर्षं त्यांनी मला रोज काही ना काही दुखतंय म्हणून सांगितलं, आणि माझ्या लेखी तीच आठ वर्षं जास्त सुखाची. हा बदल एका सायकलीमुळे झाला, म्हणून तिची हकिगत लिहिते.

त्यांचा डावा पाय लहानपणीच्या तापानंतर आखूड राहिला होता. आमचं लग्न ठरलं तेव्हा सांगण्यात आलं होतं, "पायात किंचित फरक आहे." किंचित म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला बघायला ते सातारहून सांगलीला आले तेव्हा मी बाहेर येण्याआधीच खुर्चीत बसलेले होते आणि सगळे उठून गेल्यावर शेवटी उठले. माझ्या वडिलांचं, आबांचं, सांगलीत सायकलचं दुकान. मूळचे कुंडलचे, बोलणं अजूनही कुंडलचंच आहे. पाहुणे गेल्यावर आई काळजीत होती, तर आबा म्हणाले, "चाकात वाईच डग हाय. पर आस सरळ हाय. दे बिनघोर." म्हणजे चाक थोडं डुगडुगतं, पण मधला कणा सरळ आहे; त्यांच्या दुकानात याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं.

लग्नानंतर माझ्या लक्षात आलं की पायाचा विषय घरात निघत नाही. सासूबाई होत्या तोवर तर नाहीच. त्या गेल्यावरही नाही. मधुकर घरात डाव्या पायाच्या चवड्यावर चालत, त्यामुळे कमरेतून फारसे कलत नसत. बाहेर जाताना चामडी बूट. ते बूट ते कुणाला उचलू देत नसत, पॉलिशसुद्धा स्वतः करत. डाव्यात आतून काहीतरी बसवलेलं आहे एवढं मला माहीत होतं. पण ज्या गोष्टीबद्दल माणूस बोलत नाही, तिच्यात आपण हात घालू नये अशी माझी समजूत. समजूतदारपणा म्हणून मी सात वर्षं काही विचारलं नाही.

त्यांच्या कचेरीच्या खिडकीतून यवतेश्वरचा डोंगर आणि त्याला वळसे घालत वर जाणारा घाटरस्ता दिसतो. कचेरीतली मंडळी एकदा सहलीला कासच्या पठारावर गेली, तेव्हा त्यांना कुणीतरी स्कूटरवर मागे बसवून नेलं. घरी आल्यावर मी विचारलं, "कसं होतं पठार?" तर म्हणाले, "छान असावं. मी बहुतेक जाधवसाहेबांची पाठ बघितली." आणि मग, "एकदा आपलं आपण जायला पाहिजे गं त्या घाटानं. थांबत थांबत का होईना." चालत जाणं त्यांना झेपलं नसतं. सायकल लहानपणी एकदा करून बघितली होती, डावा पाय खालपर्यंत पोचेना, पोरं हसली, त्यानंतर नाव घेतलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याजवळ काही मागितलं असेल तर हे एक.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. जाड टायरच्या, सरळ हँडलच्या डोंगरी सायकली तेव्हा आमच्याकडे दिसायला लागल्या होत्या. पण कारखान्यातली सायकल दोन सारख्या पायांच्या माणसासाठी असते. मी आबांच्या दुकानात वाढलेली. दहावीच्या आधी मला चाक ओढून सरळ करता येत होतं, आऱ्यांचा ताण बोटानं कळत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी गेले आणि आबांना म्हटलं, "जुन्या सामानातून एक सायकल बांधायची आहे. डावा क्रँक आखूड." म्हणजे पायडल ज्या दांड्याला असतं तो दांडा. उजवीकडे नेहमीचा साडेसहा इंची, डावीकडे लहान मुलांच्या सायकलीचा साडेपाच इंची. आबांनी माझ्याकडे बघितलं, कुणासाठी ते विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "एकच इंच?" मी चिठ्ठी दाखवली. उजवा तीस, डावा एकोणतीस. "बरं," म्हणाले आणि माळ्यावर चढले.

पुढचे तेवीस दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. एका गिऱ्हाईकाची डोंगरी सायकल उसाच्या ट्रॉलीला धडकून पुढून चेपली होती. ती त्यानं दुकानातच सोडून दिली होती. तिचा सांगाडा शाबूत होता, तो घेतला. पुढचा फोर्क दुसऱ्या सायकलीचा, त्याची नळी तीन सूत लांब निघाली, ती कापली. मागचं पाच चक्रांचं गियर एका जुन्या रेसर सायकलीचं. त्यातलं सगळ्यात मोठं चक्र अठ्ठावीस दात्यांचं होतं. पुढे मी लेडीज सायकलीचं छत्तीस दात्यांचं चाक लावलं, म्हणजे चढावर पायडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक जेमतेम सव्वा फेरा फिरावं. वेग नाही, पण दम टिकतो. रंग मात्र एकसारखा जमला नाही. सांगाडा लाल, फोर्क काळा, मडगार्ड हिरवं. आबा म्हणाले, "सातारला गेल्यावर लोक म्हनतील, सर्कस आली."

सायकल एसटीच्या टपावर टाकून आम्ही दोघं निघालो. कंडक्टरनं विचारलं, "सायकल कुणाची, म्हाताऱ्याची का बाईंची?" आबा म्हणाले, "जावयाची." "आत्ता? लग्नातली ऱ्हायली व्हती व्हय?" "व्हय रं गड्या. सात वर्सं तुंबली. व्याजात गियर बशिवलं." सगळी गाडी हसली.

मधुकरांनी सायकल बघितली. तिच्याभोवती एक चक्कर मारली. दोन क्रँक दोन मापांचे आहेत हे त्यांना लगेच दिसलं असणार. डाव्या पायडलवर हात ठेवून नुसते उभे राहिले… मग म्हणाले, "हे तू केलंस?" मी म्हटलं, "आबांनी पान्हे दिले." सायकलबरोबर मी त्यांच्यासाठी कापडी बूटही आणले होते, कारण चामडी बुटाचा तळ पायडलवरून सटकतो. ते त्यांनी घातले. आठवड्यात ते तोल सावरायला शिकले आणि सायकलीनं कचेरीत जायला लागले. मी रोज विचारायची, "कशी चालते?" ते म्हणायचे, "झकास." घरी आल्यावर मात्र दहा मिनिटं पायरीवर बसून राहायचे, मग आत यायचे. मला वाटायचं, संध्याकाळचा वारा खातात. घाटाचं विचारलं की, "जाऊ की, सवय होऊ दे." मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता, हे इथं कबूल करते.

दसऱ्याला आबा मुद्दाम सातारला आले. दुकानातल्या हत्यारांची पूजा खंडेनवमीला उरकून, या सायकलीला हार घालायला. सकाळी मधुकर झेंडूची फुलं आणायला सायकलीनं गेले आणि आबा दारात उभं राहून ते वळणावर दिसेनासे होईतो बघत राहिले. मग मला हाक मारली.

"पोरी, जावई डावीकडं कलत्यात."

"चालताना थोडे कलतातच, आबा."

"आगं चालताना न्हवं, शीटवर. आल्यावर शीट बघ, डावी कड चेपलीया. दर फेऱ्याला सगळं अंग खाली ढकलत्यात तवा पाय पोचतोय. माप कशाचं घेतलंतंस?"

"त्यांच्या पँटचं."

"आन् माणसाचं?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. "सात वर्सं संसार केलास," ते म्हणाले, "आन् नवऱ्याचं माप शिंप्याकडनं आणलंस व्हय गं?"

चूक कुठं झाली ते त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. पँटचा डावा पाय एकच इंच आखूड होता, कारण उरलेला फरक बुटातल्या पट्टीनं भरून काढलेला होता. शिंपी बूट घातल्यावर माप घ्यायचा. म्हणजे पँटनं खोटं सांगितलं नव्हतं, मी तिला अर्धंच विचारलं होतं. आणि त्यावर ताण म्हणजे, पट्टी असलेले बूट काढून मीच त्यांना सपाट कापडी बूट दिले होते. आधी दिलेली सगळी माहिती लिहून काढा, मग गणिताला हात घाला, असं मी वर्गात रोज सांगते.

मधुकर फुलं घेऊन आले आणि नेहमीसारखे पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.

"अहो, सायकलवर दुखतं का काही?"

"छे गं. झकास आहे."

"शीट एका बाजूनं चेपलंय. आबांनी दाखवलं."

ते फुलांची पुडी उलटसुलट करत राहिले. मी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? साडेतीन महिने झाले."

"तू दाते मोजून, इंच मोजून केलेली गोष्ट… म्हटलं, सायकल बरोबरच असणार. चुकीचा असेन तर मीच असेन. मला त्याची सवय आहे."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. रागानं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "मी तुम्हाला मोजलंच नाही हो. पँट मोजली." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि एकदम मोठ्यानं हसायला लागले. इतके की आबा बाहेर आले. आबांनी आमच्याकडे बघितलं, टोपी घातली आणि म्हणाले, "मी वाईच च्या पिऊन येतो." आबा जन्मात कधी बाहेरचा चहा प्यायले नव्हते.

मधुकर आत गेले. बूट काढले, मोजे काढले आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. "घे," म्हणाले. सात वर्षांत त्यांना मी दोन्ही टाचा टेकून उभं राहिलेलं पहिल्यांदा बघितलं. कमर एका बाजूला उतरली होती. मी तपासायला आणलेल्या मुलांच्या वह्या घेतल्या आणि त्यांच्या डाव्या टाचेखाली एकेक सरकवत गेले. दर वहीला दोन्ही हात त्यांच्या कमरेच्या हाडांवर ठेवून बघायचं, सारखी झाली का. चार झाल्या, पाच झाल्या. ते छताकडे बघत होते. "आईनं एकदा माप घेतलं होतं," ते म्हणाले, "मी तेरा-चौदा वर्षांचा असताना. मोचीला सांगण्यापुरतं. मला म्हणाली, आकडा कुणाला सांगू नकोस. म्हणून मी तो विसरूनच गेलो." नवव्या वहीला दोन्ही हात एका पातळीत आले. मी वह्यांची उंची मोजली. सव्वादोन इंच. "किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "एवढाच?" ते म्हणाले. "मला वाटत होतं, बराच मोठा असेल."

दुसऱ्या दिवशी आबांनी जुन्या टायरच्या चपला करणाऱ्याकडून पाव इंची रबराचे तुकडे आणले. एक इंच क्रँकनं दिला होता, उरला सव्वा, म्हणजे पाच थर. ते एकावर एक ठेवून डाव्या पायडलला बोल्टानं आवळले, दोन्ही बाजूंना, पायडल कसंही फिरलं तरी चालावं म्हणून. मधुकर चढले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. आबा मागून बघत होते. "आता आस सरळ आन् चाक बी सरळ," म्हणाले. त्याच आठवड्यात मधुकर स्वतः शिंप्याकडे आणि मोच्याकडे जाऊन आले आणि दोघांनाही खरा आकडा सांगून आले. मला ते सायकलीपेक्षा मोठं वाटलं.

यवतेश्वरच्या घाटात ते पहिल्यांदा गेले तो रविवार होता. मी येऊ का म्हटलं, तर "नको, तुझ्यापुढं मी थांबणार नाही आणि मग मरेन," म्हणाले. सकाळी सातला गेले, पावणेअकराला आले. मी दारातच होते. यावेळी मी 'कशी चालते' असं विचारलं नाही. विचारलं, "काय दुखलं?" ते पायरीवर बसले आणि बोटं मोजत सांगायला लागले. उजव्या हाताचा अंगठा, कारण गियरचा खटका कडक आहे. मान, कारण हँडल खाली आहे. चार वेळा उतरावं लागलं. शेवटच्या वळणावर एक म्हैस आडवी आली, तिच्याबद्दलही तक्रार आहे. "आणि डावा गुडघा?" मी विचारलं. "त्यानं तेवढं काही सांगितलं नाही." मग म्हणाले, "वरून कचेरी दिसते गं. माझी खिडकी ओळखू आली मला."

तेव्हापासून तेच आमचं बोलणं झालं. आल्यावर मी विचारायचं, काय दुखलं, आणि त्यांनी खरं सांगायचं. सायकलीचं दुखणं असेल तर मी पान्हा घ्यायची. हळूहळू सायकल सोडून इतर गोष्टीही त्यात यायला लागल्या. कचेरीत कुणी काय बोललं, आईची आठवण आली, आपल्याला मूल झालं नाही… हे आम्ही त्या पायरीवर पहिल्यांदा बोललो. पुढे घाटात ते न उतरता जायला लागले. तीन वर्षं एकदाही उतरले नाहीत. मग एका रविवारी येऊन म्हणाले, "आज दुसऱ्याच वळणावर उतरलो. पायात काही नाही, छातीत आहे काहीतरी." दोन दिवसांत आम्ही मिरजेला गेलो. हृदयाच्या झडपेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, लोक फार उशिरा सांगतात, तुम्ही वेळेवर आलात. त्या वेळेवर येण्यानं आम्हाला आणखी अडीच वर्षं मिळाली. सायकल त्यांनी सपाट रस्त्यावर शेवटच्या दिवाळीपर्यंत चालवली.

परवा आबा सांगलीहून आले. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, एसटीतून उतरताना हात लागतो. जिन्याखाली सायकल होती, तिच्यापाशीच थांबले. टायर दाबून बघितला.

"हवा न्हाई भरलीस."

"कोण चालवणार आहे, आबा?"

"चालवायचं ऱ्हाऊ दे. रिकाम्या टायरवर हुबी ऱ्हायली की रबर चिरतंय. पंप आण."

त्यांनी चार-पाच दांडे मारले आणि दम लागून बसले. मग मी पंप घेतला. पुढचं चाक भरलं, मागचं भरायला घेतलं. आबा खालच्या पायरीवर बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "बरी हायस न्हवं, पोरी?"

"बरी आहे," मी म्हटलं. सात आठवडे सगळ्यांना मी हेच सांगत आले आहे. मी आणखी दोन दांडे मारले आणि मला पुढचा मारता येईना. "नाही, आबा," मी म्हटलं. "बरी नाही."

आबा पायरीवर थोडे बाजूला सरकले. "मग हिकडं बस," म्हणाले, "आन् कुठं कुठं दुखतंय, समदं नीट सांग. घाई न्हाई."

मी पंप भिंतीला टेकवला, त्यांच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले.